भागीचं वय सांगायला निपाणीला

सन १९४२. माझं वय तेव्हा सहासष्ट. हे वय कुठल्या कागदावर नाही. पण मी मोठ्या दुष्काळात जन्मलो, आणि तो दुष्काळ कुणी विसरलेला नाही, त्यामुळं माझ्या वयाला कागद लागत नाही.

निपाणीहून परत आल्यावर गावात जो तो विचारायला लागला, आप्पा, निपाणीला काय केलंस? एकेकाला सांगून घसा बसला. म्हणून लिहून काढतो. माझं अक्षर मोठं येतं, कागद जास्त लागतो, पण मजकूर खरा आहे.

सांबरा

आमच्या गावात कुणाचं वय काढायचं झालं की माणसं माझ्याकडं येतात. प्लेग आला ते साल, मानमोडीचा ताप आला ते साल, तळ्याचा बांध फुटला ते साल, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. मधली सालं मी माझ्या म्हशींच्या वेतांवर धरून ठेवली आहेत. कुठली म्हैस कितव्यांदा व्याली तेव्हा कुणाच्या घरी पाळणा हलला, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. लग्न जमवणारे येतात, वाटणीवाले येतात, शाळेचे मास्तरसुद्धा येतात. मास्तरांची आपली एक रीत. पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का बघायचं. लागला की सहा वर्षं पुरी, घाला शाळेत. लांब हाताची पोरं पाचव्या वर्षी आत गेली आणि आखूड हाताची आठव्या वर्षीही बाहेर राहिली. मी त्यांना म्हणालो, "मास्तर, हाताला इचारू नका, मला इचारा." मी स्वतः दुसरीपर्यंत शिकलो. तिसरीला बसलो असतो, पण म्हशी होत्या.

तर अशात निपाणीचा एक गाडीवान निरोप घेऊन आला. निपाणीला माझी लेक हौसा दिली आहे. निरोप एवढाच: "आप्पाला म्हणावं, लगोलग ये. तुझ्या शब्दाची गरज हाय."

घरात माझ्या शब्दाची गरज कुणाला पडून बरीच वर्षं झाली होती. मी त्याच घटकेला रुमाल बांधायला घेतला. जावयाच्या भाऊबंदांत भिंतीचं भांडण असणार, असं मी मनाशी ठरवलं आणि निवाडाही तयार केला. सुनेनं तांदळाचं गठुडं, रताळी आणि लोण्याचं मडकं बांधून दिलं. म्हशी नातवाच्या, शिवाच्या हवाली केल्या. शिवा आठ वर्षांचा. म्हशी राखण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नाही. मीच शिकवलंय.

शहापूर

पहिला मुक्काम शहापुरात, इराप्पाकडं. इराप्पा साळी, माझा जुना मैतर. त्याचा माग जमिनीतल्या खड्ड्यात. पाय खड्ड्यात, माणूस कमरेपासून वर. लांबून बघणाऱ्याला वाटावं, ह्याला अर्धा पुरलाय.

"बर्री, आप्पा, बर्री," म्हणून त्यानं बसवलं, पण हातातला धोटा काही थांबवला नाही. शेजारी त्याचा नातू चाकावर कांड्या भरत होता. सूत त्याच्या बोटांतून निघे आणि कांडीवर बसे. पोरगं सात वर्षांचं असेल.

"शाळेत घातलाय का न्हाय ह्याला?" मी विचारलं.

"घातलाय की. नाव हाय शाळेत. पोरगं हितं हाय."

"ते कसं?"

"आप्पा, माझा धोटा ह्याच्या कांडीवर चालतोय. ह्यो उठला की कांडी संपती, कांडी संपली की धोटा थांबतो, धोटा थांबला की चूल थांबती. मास्तर भला माणूस. रोज ह्याचं नाव पुकारतो."

पोरगं मान वर न करता म्हणालं, "हजर."

आम्ही दोघं पोट धरून हसलो. जोंधळ्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही असं जेवण झालं. शहापूरच्या दह्याला तोड नाही, हे तिथं न गेलेल्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून मान्य करावं. जेवल्यावर मी नातीसाठी परकर-पोलक्याचं कापड घ्यायचं काढलं. हौसाची थोरली भागी.

"पोरगी केवढी?" इराप्पानं विचारलं.

"नऊची."

त्यानं त्या मापानं कापड फाडलं. माझ्या शब्दावर कापड फाडतात शहापुरात, हे लक्षात असू द्या.

मोटार

लढाईमुळं पेट्रोल मिळेना झालेलं, म्हणून निपाणीच्या मोटारीच्या मागं एक भट्टी बसवलेली आणि तीत कोळसा. ही मोटार चालत नव्हती, शिजत होती. काकतीला पोचेपर्यंत ती एकदा विझली. ड्रायव्हर खाली उतरून कोळसा ढोसायचा, आमच्या तोंडांवर काजळी बसायची, आणि मोटार एवढा आवाज करायची की शिवारातले बैल मान वर करून बघायचे.

निपाणीच्या अलीकडं घाट आहे. तिथं चढावर मोटारीनं मान टाकली. कंडक्टर ओरडला, "उतरा, ढकला." सगळे उतरले. मी बसून राहिलो.

"आज्जा, उतर की."

"मी तिकीट बसायचं काढलंय. ढकलायचं न्हाय."

त्यानं पुष्कळ सांगून बघितलं. शेवटी लोकांनी मोटार आणि मला दोघांना घाटावर चढवलं. चार माणसं वर बसल्यावर माझ्याकडं रागानं बघत होती. मी खिडकीतून झाडं बघत होतो.

निपाणी

निपाणी दिसायच्या आधी नाकाला कळते. तंबाखूची सुगी चाललेली. शिवारात तंबाखू, खळ्यावर तंबाखू, वखारीत तंबाखू, आणि राहिलेली हवेत. मोटारीतून पाय खाली टाकला आणि मी जो शिंकायला लागलो तो हौसाचं दार येईपर्यंत थांबलो नाही. गल्लीतल्या बायका हसून म्हणायच्या, "पावना आला वाटतं कुणाकडं." तिथं शिंकणारा माणूस परगावचा, हे लहान पोरालाही ठाऊक.

जावई उंबऱ्यावर बसले होते. रामराव चाळिशीच्या आतले, पण छातीचा भाता झालेला. वखारीत तंबाखू चाळायचं काम करायचे. आता चाळण उचलवत नाही. "या मामा," म्हणाले आणि पुढचं बोलणं खोकल्यात गेलं.

रात्री माझ्या तांदळाचा भात झाला. लहान दोघं पोरं भाताकडं लग्नातल्या नवरदेवाकडं बघावं तशी बघत होती. भाकरीला, आमटीला, पाण्यालासुद्धा तंबाखूचा वास. मी सोडून तो कुणालाच आला नाही. भागी जेवताना खोकली, तेही आपण जांभई देतो तसं. कुणी वर बघितलं नाही.

मी कापड काढून दिलं. भागीनं ते अंगाला लावून बघितलं, वास घेतला, घडी मोडली, परत घातली.

"ठेव ते पेटीत," हौसा म्हणाली. "गुरुवारपतोर न्हाय घालायचं. तवर लुगडं."

"नऊ वर्षांच्या पोरीला लुगडं?" मी म्हणालो. "आणि ते भिंतीचं भांडण काय हाय ते सांग. निवाडा तयार हाय माझा."

"कसली भिंत? आप्पा, तुला भागीचं वय सांगायला बोलावलंय."

"एवढंच? नऊ."

"बारा सांगायचं हाय."

मग तिनं सगळं सांगितलं. सरकारनं कायदा काढला होता. बारा वर्षांखालचं पोर बिडीच्या कारखान्यात बसवायचं नाही. गुरुवारी साहेब आणि डाक्तर तपासायला येणार. ज्या पोरीचा संशय येईल तिच्या जन्मगावच्या म्हाताऱ्या माणसानं समोर येऊन वय सांगायचं. भागी माझ्या घरी, सांबऱ्याला जन्मलेली. हौसा पानं कापते, तंबाखू भरून बिडी वळते, दोरा गुंडाळते. भागी शेजारी बसून त्या बिड्यांची तोंडं मोडते आणि कट्टा बांधते. दोघींचे मिळून चार हात, म्हणून घरात पाच तोंडं चालतात.

"मी खोटं सांगत न्हाय," मी म्हणालो.

"तुला खोटं कुठं सांगायचं हाय? तीन वर्षं जास्ती सांगायची."

"आज्जा," भागी म्हणाली, "मी बाराचीच हाय. बाराच्या पोरीएवढ्या बिड्या करती मी. इचार कुणालाबी."

"वय बिड्यांवर नसतंय गं."

"मग कशावर असतंय?"

मी म्हणालो, म्हशींवर. तिला ते पटलं नाही. मला तिचा राग आला नाही. हट्टीपणा आमच्या घराण्यातला आहे, तो कुणाच्या अंगी दिसला की बरं वाटतं.

कारखाना

दुसऱ्या दिवशी मी कारखाना बघायला गेलो. लांबच लांब पत्र्याची पडवी, बायका ओळीनं बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर सूप. आमच्याकडं सुपात धान्य पाखडतात आणि भुसा उडवतात. इथं सुपात भुसाच होता, आणि त्यावर घर चालत होतं. दर बाईच्या कुशीला एक पोर. पोरांच्या हातात लोखंडाची बारीक काडी. बिडी उचलायची, काडीनं तोंड आत दुमडायचं, ठेवायची. आमच्या कोंबड्या दाणे टिपतात तेवढ्या वेळात.

भागी मोजत होती. एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस, बांध. एक, दोन, तीन.

"पंचवीसच्या फुडं काय?" मी विचारलं.

"बांध."

"त्याच्या फुडं?"

"एक." आज्जाला एवढंही येत नाही म्हणून तिला माझी कीव आली असावी.

रस्त्यापलीकडं शाळा होती. मास्तर दारात उभे राहून बिडी ओढत होते. आत पाच-सहा पोरं. मास्तरांना मी म्हणालो, शाळा ओस पडलीय की. ते म्हणाले, "आमची पोरं समोर बसतात." बिडी छान जळत होती. तोंड नीट मोडलेलं होतं.

मी तिथं उभा राहून काय विचार केला ते लिहायला हरकत नाही. मला त्या कामात वावगं दिसलं नाही. मी आठव्या वर्षापासून म्हशींमागं गेलो, माझं काय वाईट झालं? काम करणारं पोर बिघडत नाही. माझं भांडण एवढंच, की नऊला नऊ म्हणावं. सरकारचं भांडणही तेवढंच दिसलं. आकड्यावर डोळा ठेवणारे आम्ही दोघंच, मी आणि सरकार.

गुरुवार

गुरुवारी सकाळी निपाणीतल्या पोरी एका रात्रीत तीन-तीन वर्षांनी वाढल्या होत्या. आमच्या उसालाही असली वाढ नाही. आयांची लुगडी, आज्यांच्या पाटल्या, केसांचे आंबाडे. लुगड्याचे ओचे पायात येऊन पोरी अडखळत होत्या. ज्यांना लुगडंही थोरलं करू शकत नव्हतं, असल्या पोरापोरींना कारखान्याच्या दिवाणजीनं पानांच्या पोत्यांमागं बसवलं होतं. पोती अधूनमधून खोकत होती.

साहेब बेळगावचे, थकलेले, भले दिसले. डाक्तर पोरींचे दात बघत होते, अगदी आम्ही बाजारात बैलांचे बघतो तसे. माझ्या पुढं एक म्हातारी होती, दोन नाती घेऊन.

"ही केवढी?"

"बाराची."

"आणि ही?"

"बाराची."

"जुळ्या?"

"न्हाय सायेब. ही धाकटी. दोन वर्सांनी झाली."

साहेबांनी डाक्तरांकडं बघितलं, डाक्तरांनी आढ्याकडं बघितलं. मग भागीला पुढं बोलावलं. हौसाचं लुगडं तिच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखं दिसत होतं.

"तोंड उघड." डाक्तरांनी बघितलं. "वय?"

"बारा," भागी म्हणाली.

"आजोबा, तुम्ही कोण?"

"हिच्या आईचा बाप. माझ्या घरात जन्मली ही."

"मग तुम्ही सांगा."

हौसा दाराशी उभी होती, पदराचा पीळ करत. तिच्यामागं गल्लीतल्या बायका. मी नाही म्हणत नाही, बारा हा शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला होता. हौसाचं तोंड बघितलं आणि वाटलं, जाऊ दे, तीन वर्षं काय, देऊन टाकू. तेवढ्यात तो दिवाणजी माझ्या कानाशी लागला, "सांगा आजोबा, बारा म्हणा. घाबरू नका."

मला घाबरू नका म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

"नऊ," मी म्हणालो, मोठ्यानं. "ही जन्मली त्याच आठवड्यात आमची काळी म्हैस व्याली. रेडी झाली. ती रेडी ह्या साली तिसऱ्यांदा व्यालीया. पोरगी बाराची असती तर म्हैस पाचव्या वेताला असती. पटत नसंल तर सांबऱ्याला या, म्हैस दाखवतो."

डाक्तर हसले. साहेबांनी लिहिलं. पण त्यानंतर त्या दोघांची नजर बदलली. एका म्हाताऱ्यानं खरं सांगितलं म्हटल्यावर बाकीचे सगळे खोटे, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते पोत्यांमागंही गेले. दुपारपर्यंत निम्म्या पोरी रस्त्यावर उभ्या होत्या, लुगड्याचे ओचे हातात धरून.

त्या दिवशी गल्लीत मला कुणी पाणी विचारलं नाही. ती दोन नातींची म्हातारी माझ्या तोंडावर म्हणाली, "तुझी म्हैस मरू दे रं." माणसानं माणसाला शाप द्यावा, म्हशीला कशाला? हौसानं माझ्यापुढं ताट सरकवलं आणि पाठ फिरवली. हौसा लहानपणापासून बोलली नाही की मला जेवण जात नाही.

शुक्रवार

सकाळी उठून दारात आलो तर गल्लीत सुपं मांडलेली. दारोदार पानांच्या जुड्या आणि तंबाखूच्या पिशव्या आलेल्या. काल कारखान्यातून काढलेल्या सगळ्या पोरी आपापल्या उंबऱ्यावर बसून त्याच बिड्यांची तीच तोंडं मोडत होत्या. फरक एवढाच, की घरी नेलेल्या कामाची मजुरी कमी आणि दिवस मावळला तरी उठायचं नाही. भागी परकर-पोलक्याच्या वयाची म्हणून सिद्ध झाली होती, पण अंगावर जुनंच फडकं आणि मांडीवर सूप.

साहेबांचा टांगा त्याच गल्लीतून निघाला होता. मी आडवा गेलो.

"सायेब, ह्या त्याच पोरी."

"मला दिसतंय, आजोबा."

"मग?"

"कायदा कारखान्यापुरता आहे. घरात कायदा जात नाही. घरात आई-बाप असतात."

टांगा गेला. मी वळलो तर हौसा मागं उभी. आता बोलली.

"झालं समाधान? तूच तिला नऊची केलीस, आप्पा. आता बाराची हुईपतोर तीन वर्सं तूच पोस."

गल्ली ऐकत होती. अशा वेळी माझ्यासारख्यानं काय म्हणायचं असतं?

"पोसतो," मी म्हणालो. "नेतो तिला. शाळेत घालतो."

हौसा हसली. चांगलं हसली नाही. "शाळेत? शिवाला घातलंस?"

"शिवाकडं म्हशी हायत."

"वय काय त्याचं? तूच सांग. तुझा शब्द खोटा नसतोय."

मी शिंकलो. तंबाखूच फार होती हवेत.

"आणि हितं काय?" हौसा म्हणाली. "माझे एकटीचे दोन हात."

"तांदूळ पाठवीन मी. सुगी झाली की गाडी भरून."

"सुगी वर्साला येती. भागी रोज द्यायची."

  मी तिथं काठीनं जमीन उकरत उभा राहिलो. भागी काम न थांबवता म्हणाली, "मी जाणार न्हाय. मी गेल्यावर बिड्यांची तोंडं कोण मोडंल?"

मग उंबऱ्यावरून जावई बोलले. तीन दिवसांत त्यांचं हे एवढंच पुरं बोलणं मी ऐकलं, मधे खोकला आला नाही.

"मी आठव्या वर्सी चाळणीला बसलो. मामा, न्या तिला. तिची छाती अजून बरी हाय." आणि भागीकडं वळून म्हणाले, "तोंडं मी मोडीन. बसून करायचं काम हाय."

भागीनं काडी बापाच्या हातात दिली. कशी धरायची तेही दाखवलं.

परतीची वाट

नवं परकर-पोलकं रात्रीत शिवून झालं. शनिवारी मोटारीत बसलो. कंडक्टर आला. मी म्हणालो, "एक पुरं, एक अर्धं."

"पोरीचं वय?"

"नऊ."

"बारा," भागी म्हणाली. आठवडाभर तिच्याकडून तेवढंच घोकून घेतलं होतं, तोंडात बसलं होतं.

"नऊ हाय ती."

"आज्जा, पोरगी खरं बोलती आणि तू एवढा म्हातारा होऊन खोटं? काढ पुरं तिकीट."

मी म्हशीची साक्ष काढली. कंडक्टर म्हणाला, म्हैस मोटारीत नाही. सगळी मोटार हसली. सहासष्ट वर्षांत मला पहिल्यांदा कुणी खोटारडा म्हटलं, आणि तेही खऱ्यासाठी. पुरं तिकीट काढलं.

घाटात मोटार पुन्हा विझली. "पुरं तिकीटवाले खाली," कंडक्टर म्हणाला, माझ्याकडं बघून. माझ्याआधी भागी उठली. पुरं तिकीट म्हणजे पुरं माणूस, असा तिचा ताठा. नवा परकर खोचून ती खाली उतरून गेली आणि मोटारीला हात लावून उभी राहिली. मी आत बसलो होतो. मग मीही उतरलो. पाय मोकळे करायचे होते, आणि उतरलोच आहे तर म्हणून ढकललं.

वर पोचल्यावर ती धापा टाकत थांबली. इकडंतिकडं नाक वळवलं.

"आज्जा, ह्यो कसला वास?"

मी हुंगून बघितलं. मोहर नव्हता, पाऊस नव्हता, कोळसाही वाऱ्याच्या उलट्या अंगाला होता.

"कसलाच न्हाय गं," मी म्हणालो. "हवा हाय."

पुढं संकेश्वर सोडेपर्यंत ती रस्त्याकडेची झाडं मोजत होती. पंचवीस झाली की बांध.

घरी पोचायला दिवे लागले. सुनेनं भागीला बघितलं, गालावरून हात फिरवला आणि कडेवरचं तान्हं तिच्या कडेवर दिलं. "बरं झालं आलीस बाई. जरा धर ह्याला." भागीनं धरलं. काम समोर आलं की धरायचं, एवढं तिला कुणी शिकवायला नको होतं. शिवा म्हशी घेऊन आला. दिवसभराचा धुळीनं माखलेला, दाव्याच्या दोरीनं हात कापलेला. मी तो हात रोज बघतो. त्या दिवशी नऊ, आठ, बारा हे आकडे डोक्यात घोळत असल्यामुळं जरा जास्त वेळ दिसला.

भागीनं विचारलं, "ती म्हैस कंची?"

शिवानं दाखवली. ती जवळ गेली, पोर कडेवर घेऊन, आणि म्हशीकडं बराच वेळ बघत राहिली. "हिच्यामुळं व्हय मी नऊची?" म्हैस रवंथ करत होती. म्हशीला आपली साक्ष फिरवता येत नाही.

रात्री लेकाचं आणि माझं तांदळावरून वाजलं. गाडीभर देणार म्हणून मी शब्द देऊन आलोय म्हटल्यावर तो म्हणाला, शब्द तुझा आणि भात माझा. मी म्हणालो, जमीन अजून माझी. तिथं बोलणं संपलं, मिटलं असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो आणि म्हशी सोडल्या. शिवा डोळे चोळत बाहेर आला आणि आपली काठी शोधायला लागला. काठी माझ्या हातात होती. मी म्हणालो, "तोंड धू. भागीला घेऊन शाळेत जा. मास्तरांना सांग, कानाला हात लावून बघायचं न्हाय. आप्पानं सांगितलंय, एक आठ आणि एक नऊ."

सून दारात आली. "आणि ह्या तान्ह्याला कोण धरंल?"

"त्याच्या बापाला दे. तेहतीस पुरी झालीत त्याला. कायद्यात बसतंय."

म्हशी माझं ऐकेनात. त्यांना शिवाच्या हाकेची सवय. त्या निघाल्या तिकडं मी गेलो, भागीच्या वयाची ती सगळ्यांत पुढं. वेशीपाशी शेजारचा गणपा भेटला. मला म्हशींमागं बघून थांबला.

"आप्पा, या वयात म्हशी? शिवा आजारी हाय का काय?"

"न्हाय रं," मी म्हणालो. "निपाणीची तंबाखू नाकात बसलीया. मोकळ्या हवेत हिंडायला सांगितलंय."

आणि त्याला खरं वाटावं म्हणून एकदा शिंकून दाखवलं.